विरत्या वळवाचं उपग्रहचित्र: कडं, झालर आणि पांढरा गोळा

प्रश्न थोडक्यात असा. कवठेमहांकाळच्या बाजूला बेदाण्याची शेड. एप्रिलमधली दुपार, पावणेपाचचं उपग्रहचित्र. जत आणि विजयपूरच्या दरम्यान एक मोठा पांढरा गोळा, त्याच्या एका कडेला कंगव्याच्या दातांसारखी झालर, आणि गोळ्याच्या पश्चिमेला बारीक ढगांचं अर्धवट कडं. कड्याच्या आत आभाळ स्वच्छ. गावच्या ग्रुपवर तेच चित्र 'चक्रीवादळाचा डोळा' म्हणून फिरलं. गोळा तर पूर्वेला सरकत होता, म्हणून शेडवाले निर्धास्त राहिले. विजयपूरच्या पाहुण्यांना फोन केला, तर तिकडे डोक्यावर गच्च ढग पण पावसाचा पत्ता नाही. आणि इकडे पावणेसहाच्या पुढे, चक्क ऊन असताना, पूर्वेकडून असा वारा सुटला की शेडच्या बाजूचे प्लास्टिकचे कागद फाटले. विचारणं एवढंच: ते कडं काय होतं, आणि चित्र बघून वारा आधी कळला असता का?

बहुतेक वेळा कळतो. चक्रीवादळाचा इथे काही संबंध नाही. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं आणि त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो. तुम्ही पाहिलं ते एक साधं, मरायला टेकलेलं वळवाचं वादळ. फसगत झाली ती यामुळे की अशा चित्रात दोन थर एकावर एक दिसतात. वरचा थर बारा-पंधरा किलोमीटरवरचा, तो तासा-दोन तासांपूर्वी काय झालं ते सांगतो. खालचा थर जमिनीपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवरचा, तो आता काय येणार ते सांगतो. पांढरा गोळा डोळ्यात भरतो म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात. शेडच्या कामाची होती ती बारीक रेघ.

आधी वादळ मरतं कसं ते बघू, म्हणजे उरलेले आकार आपोआप समजतील. १९४६-४७ साली अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायो इथे विमानं थेट गडगडाटी ढगांत घालून मोजमापं झाली. ढगाच्या आयुष्याचे तीन टप्पे आपण आजही सांगतो ते तिथूनच आले: वाढ, भर आणि विरणं. एका ढगाचं आयुष्य साधारण अर्धा ते एक तास. आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, जत, आटपाडी, माण-खटावकडे, एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की ढगाचा तळच जमिनीपासून अडीच-तीन किलोमीटरवर असतो. वरून पडणाऱ्या पावसातला बराच भाग वाटेतच सुकतो. पाणी सुकताना हवेतली उष्णता घेतं, हवा गार आणि जड होते, धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूबाजूंनी पसरते. ही गार हवा ढगाच्या बुडाखाली शिरली की खालून येणारा गरम, दमट हवेचा पुरवठा तुटतो. म्हणजे ढग स्वतःच्याच पावसाने मरतो. मागे दोन गोष्टी उरतात: वर बर्फकणांचा पसरलेला ढग, आणि खाली गार हवेचं डबकं. तिसरी गोष्ट, एखादी भोवऱ्यासारखी फिरकी, क्वचित, तिच्याबद्दल शेवटाकडे.

वरच्या ढगाला ऐरण म्हणतात. तो तुमचा पांढरा गोळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बारा किलोमीटरच्या वर वारे बहुधा पश्चिमेकडून असतात, म्हणून ऐरण पूर्वेला वाहत जाते. खालचा गाभा विरला तरी बर्फकण हळूहळू सुकतात आणि ऐरण दोन-चार तास तरंगत राहते. इन्फ्रारेड चित्र फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतं. त्याच्या दृष्टीने उणे पन्नास अंशांची पोकळ ऐरण आणि उणे पन्नास अंशांचा भरलेला ढग यांत फरक नाही. विजयपूरच्या पाहुण्यांवर सावली होती ती या गाभा गेलेल्या ऐरणीची.

पोकळ आणि भरलेला हा फरक एका चित्रात कळत नाही, तीन चित्रांत कळतो. सलग तीन इन्फ्रारेड चित्रं घ्या आणि दोन गोष्टी बघा. गोळ्याचा सगळ्यात थंड भाग लहान होतोय का, आणि एकूण गोळा मोठा होतोय का? थंड गाभा आक्रसतोय, किमान तापमान तासाभरात उणे सत्तरवरून उणे साठवर आलंय, पण पांढरा पसारा मात्र वाढतोय, असं असेल तर वादळ विरतंय. गोळा मोठा झाला म्हणजे वादळ वाढलं, ही गावाकडची सगळ्यात सर्रास चूक. गाभा आणि पसारा दोन्ही वाढत असतील तरच वादळ जोरात आहे. दिवसाउजेडी दृश्य चित्रात, म्हणजे साध्या फोटोसारख्या उन्हात टिपलेल्या चित्रात, आणखी एक खूण मिळते. जिवंत ढगाचा माथा खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यागत दिसतो आणि कड धारदार असते. विरत्या ऐरणीची कड धूसर, तंतुमय होते आणि पातळ भागातून खालची जमीन दिसू लागते.

झालरीचं लवकर उरकतो. ऐरणीच्या कडेला दिसणारे ते समांतर दात म्हणजे वरच्या थरात हवा वेगाने बाहेर पडताना झालेली उलथापालथ. विमानवाल्यांनी तिकडे लक्ष द्यावं, तिथे धक्के बसतात. जमिनीवरच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. कधी ऐरणीवर गोल गोल लाटाही दिसतात. ढगाचा माथा वर उसळून पुन्हा खाली बसला की त्या उठतात. या लाटांची नोंद मात्र घ्यावी, कारण माथा बसतो त्याच सुमाराला खाली हवा कोसळत असते.

आता कडं. गार हवेचं डबकं जमिनीलगत पसरतं, जाडी साधारण एक किलोमीटर. त्याची पुढची कड समोरच्या गरम हवेला पाचरीसारखी वर उचलते. वर उचललेल्या हवेत पुरेसा ओलावा असेल तर त्या कडेवर छोट्या कापूसढगांची रांग उभी राहते. आत गार, जड हवा बसलेली, तिथे ढग होऊच शकत नाहीत, म्हणून आत आभाळ स्वच्छ. कड्याचा अर्थ एवढाच: रेघेच्या आत वारा येऊन गेला, रेघेवर आत्ता आहे, रेघेच्या बाहेर यायचाय. हवामानाच्या भाषेत हा गस्ट फ्रंट. कडं अर्धवट दिसलं कारण पूर्वेकडचा अर्धा भाग पसरलेल्या ऐरणीखाली झाकला गेला. वारा तिकडेही गेला असणार, उपग्रहाला तो दिसला नाही. तुमची शेड ऐरणीच्या वाऱ्याविरुद्धच्या बाजूला होती, म्हणून उलट तुम्हाला रेघ स्वच्छ बघायला मिळत होती.

रेघ दिसली की मोजमाप सोपं आहे. आपल्या अक्षांशावर ०.१ रेखांश म्हणजे सुमारे साडेदहा किलोमीटर, ०.१ अक्षांश म्हणजे अकरा. तुम्ही दिलेल्या चित्रांत सव्वाचारच्या चित्रात रेघ ७५.४ पूर्वच्या आसपास आहे, पावणेपाचच्या चित्रात ७५.२, म्हणजे जतवर. अर्ध्या तासात एकवीस किलोमीटर, म्हणजे ताशी बेचाळीस. कवठेमहांकाळ ७४.८७ च्या आसपास, म्हणजे अजून पस्तीस किलोमीटर, पन्नास मिनिटं. डबकं पसरेल तसं पातळ होतं आणि रेघेचा वेग मंदावतो, म्हणून वर पाच-दहा मिनिटं धरा.

यात वेळेची एक मेख आहे. इन्सॅट या आपल्या हवामान उपग्रहाच्या चित्रावर वेळ युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. १०:४५ म्हणजे सव्वाचार. पण ती स्कॅन सुरू झाल्याची वेळ. उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे पृथ्वी टिपत जातो, पूर्ण चित्राला सव्वीस-सत्तावीस मिनिटं लागतात, आणि सांगली-साताऱ्याचा पट्टा सुरुवातीपासून आठ-नऊ मिनिटांनी येतो. म्हणजे 'पावणेपाचची' रेघ खरं तर चार चोपन्नची. त्यात पन्नास मिनिटं मिळवली की पावणेसहा. तुमच्या वाऱ्याची वेळ बरोबर जुळते. उलट चित्र पूर्ण होऊन तुमच्या फोनवर यायला सव्वापाच तरी वाजतात, म्हणजे पन्नास मिनिटांतली निम्मी हातात येण्याआधीच गेलेली. म्हणून दुसऱ्या चित्राची वाट बघत बसू नये. सव्वाचारच्या चित्रात गोळ्याच्या कडेला कमानीसारखी रेघ दिसली की ताशी चाळीस धरून हिशोब करा आणि कामाला लागा. दुसरं चित्र आलं की दुरुस्त करा. इन्सॅट-३डीआर ७४ पूर्व रेखांशावर आहे आणि २०२४ साली सोडलेला इन्सॅट-३डीएस ८२ पूर्वेवर; दोघांची चित्रं आलटून पालटून बघितली तर पंधरा मिनिटांना एक चित्र मिळतं.

कोणतं चित्र बघायचं हेही महत्त्वाचं. रेघ दिसते ती दृश्य चित्रात, त्याची बारकाई एक किलोमीटरची. नेहमीच्या इन्फ्रारेडची बारकाई चार किलोमीटर, आणि त्यात हे छोटे ढग जमिनीच्या तापमानात मिसळून जातात, कडं गायब होतं. ग्रुपवर फिरणारी रंगीत चित्रं बहुतेक इन्फ्रारेडची असतात. त्यांत लाल-काळा गोळा ठसठशीत दिसतो आणि कामाची रेघ नसतेच. दृश्य चित्र एप्रिलमध्ये सव्वासहाच्या पुढे निरुपयोगी. त्याआधीच्या अर्ध्या तासात मात्र ऊन तिरपं असल्यामुळे छोट्या ढगांच्याही सावल्या पडतात आणि रेघ उठून दिसते.

अंधार पडल्यावर काय? रडार आठवतं, पण पणजीचं रडार सांगलीपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. त्याचा सगळ्यात खालचा किरण आपल्या डोक्यावर येईपर्यंत तीन किलोमीटरच्या वर गेलेला असतो, आणि गार हवेचं डबकं एक किलोमीटरचं. पाऊस दिसेल, वारा दिसणार नाही. त्यापेक्षा तुमच्या पूर्वेच्या महसूल मंडळातल्या महावेधच्या (राज्यातल्या हवामान केंद्रांच्या जाळ्याच्या) स्वयंचलित केंद्राचे आकडे मिळत असतील तर ते बघा, नाहीतर जतकडच्या ओळखीच्या माणसाला फोन करा. पाऊस पडतोय का, हे विचारू नका. वारा फिरला का आणि एकदम गार झालं का, हे विचारा. दहा-पंधरा मिनिटांत तापमान पाच ते दहा अंशांनी उतरलं, वाऱ्याने दिशा बदलली आणि हवेचा दाब एखाद-दोन हेक्टोपास्कलने चढला, की रेघ तिथून गेली म्हणून समजा.

कड्याशी गल्लत होईल असे आकार आपल्या भागात दोन-तीन आहेत. उजनी किंवा कोयनेच्या पाण्यावर दुपारी ढग होत नाहीत, चहूबाजूंनी कापूसढग आणि मध्ये मोकळा डाग. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झालेली ओली जमीन उशिरा तापते, तिथेही असाच डाग. हे डाग तासन् तास जागचे हलत नाहीत आणि त्यांचा आकार धरण किंवा पावसाच्या पट्ट्यासारखा असतो. गार हवेचं कडं दर चित्रात मोठं होतं. वाढतंय की नाही, एवढी एकच कसोटी पुरते.

तिसरा आकार उलटा धोक्याचा. इन्फ्रारेडमध्ये गोळ्याच्या मध्यभागी कोमट ठिपका आणि त्याभोवती इंग्रजी यू किंवा व्हीसारखी थंड पट्टी दिसली, तर 'मधून विरलं' असं वाटतं. तसं नसतं. जोमदार ढगाचा माथा वरच्या थरात घुसतो, वरचा वारा त्याला वळसा घालून जातो आणि त्याच्या मागे कोमट डाग पडतो. असं वादळ भरात असतं आणि गारपिटीची शक्यता चांगलीच. ओळख अशी की यूच्या बुडाशी बारीक, अतिथंड ठिपका असतो आणि तो टिकून राहतो. विरणाऱ्या गोळ्यात असा ठिपका नसतो; कडा आधी कोमट होतात, गाभा फाटतो, सगळं विस्कटत जातं.

'विरतंय' म्हणजे 'सुरक्षित' असंही नाही. सगळ्यात जोराचा वारा बहुधा ढग कोसळतानाच जमिनीवर येतो. कोरड्या हवेत तर पाऊस थेंबभर आणि वारा ताशी साठच्या पुढे, असं सहज होतं. शिवाय पसरलेल्या ऐरणीतून गाभ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवरही वीज पडू शकते. विजांची सूचना देणाऱ्या दामिनी ॲपवर वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात विजा दिसत असतील, तर शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास शेडच्या लोखंडी खांबांपासून माणसं लांब ठेवा.

रेघ पुढे काय करेल, हे मात्र परिस्थितीवर आहे, इथे छातीठोकपणे सांगणारा फसतो. पुढची हवा कोरडी असेल तर रेघेवर ढग होत नाहीत. माणदेशात कधी नुसती धुळीची फिकट कमान दिसते, कधी तीही नाही, आणि वारा तरी येतोच. म्हणजे रेघ दिसली तर वारा धरा, दिसली नाही तर नाही असं समजू नका. पुढची हवा दमट असेल तर रेघेवरचे ढग वाढतात. दोन वादळांच्या रेघा एकमेकींना भिडल्या तर भिडण्याच्या जागी वीस-तीस मिनिटांत नवं वादळ उभं राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दृश्य चित्रात दोन कमानी जवळ येताना दिसल्या तर त्यांच्या मधल्या गावांनी जपावं. पश्चिमेला हीच गोष्ट घाटाजवळ होते. पूर्वेकडून आलेली गार हवा आणि कोकणातून संध्याकाळी घाट चढून आलेली समुद्राकडची दमट हवा शिराळा, पाटण, कऱ्हाडच्या पट्ट्यात समोरासमोर येऊ शकतात. गार हवा उथळ असल्यामुळे सह्याद्रीच्या भिंतीला अडते, तुंबते आणि दमट हवेला वर ढकलते. साताऱ्याकडे शंभू महादेवाची रांग लहान प्रमाणात हेच करते.

हंगामही बघावा. वर सांगितलेली 'गोळा पूर्वेला, वारा पश्चिमेला' ही ताटातूट एप्रिल-मेची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत, वरचे वारे पूर्वेकडून असू शकतात. तेव्हा ऐरण आणि वारा दोन्ही तुमच्याकडेच येतात आणि रेघ ऐरणीखाली लपते. त्या हंगामात चित्रापेक्षा शेजारच्या तालुक्यातल्या फोनवर जास्त भरवसा ठेवावा.

फिरकीचं राहिलं. रात्रभर चाललेलं मोठं, अनेक ढगांचं वादळ पहाटे विरलं की कधी कधी तीन ते सहा किलोमीटरच्या उंचीवर शंभर-दोनशे किलोमीटरचा सुस्त भोवरा उरतो. सकाळी आठ ते दहाच्या दृश्य चित्रांत उरलेले ढग घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसतात. यालाच लोक हमखास चक्रीवादळ म्हणतात. जमिनीवर याचा वारा जाणवत नाही, पण दुपारी ऊन तापलं की याच्याभोवती नव्याने ढग उठतात. एकाकी वळवातून असा भोवरा होत नाही, त्यामुळे तुमच्या चित्रात तो शोधायला जाऊ नका.

ठिकाण जुळवताना एक दुरुस्ती करा. उंच ढग उपग्रहाला तिरका दिसतो, म्हणून नकाशावर तो सरकलेला असतो. ७४ पूर्वेवरच्या इन्सॅटमधून पंधरा किलोमीटर उंचीचा माथा आपल्याकडे पाच-सहा किलोमीटर उत्तरेला सरकून दिसतो. ४५.५ पूर्वेवरच्या मेटिओसॅट या युरोपच्या उपग्रहातून तोच माथा सुमारे बारा किलोमीटर ईशान्य-पूर्वेला सरकतो. 'गोळा आमच्या गावावर होता पण पाऊस शेजारी' यातल्या काही तक्रारी एवढ्याशा कारणाच्या असतात. खालची रेघ जमिनीजवळची असल्यामुळे जवळजवळ जागेवरच दिसते, तिला दुरुस्ती लागत नाही.

म्हणून शेडसाठी क्रम असा ठेवा. दुपारी तीनपासून दर अर्ध्या तासाला शंभर किलोमीटरच्या परिघात गोळे कुठे आहेत ते इन्फ्रारेडमध्ये बघा. गोळा दिसला की लगेच दृश्य चित्रावर जा आणि त्याच्या कडेबाहेर कमान शोधा. कमान तुमच्याकडे तोंड करून असेल तर वाऱ्याच्या बाजूचे कागद आधी बांधा, खालच्या कडेला वजन द्या, सुटे क्रेट आणि रिकाम्या जाळ्या आत घ्या. पावसाची सोय त्यानंतर. पावसाला बहुधा अजून वेळ असतो, कित्येकदा तो येतही नाही.

वारा येऊन गेल्यावर हवा गार आणि दमट राहते. दुपारी पंचवीस टक्क्यांवर असलेली आर्द्रता साठच्या वर जाते आणि अर्धवट सुकलेला माल ती शोषतो. त्यामुळे कागद रात्रभर गच्च बांधून ठेवणंही बरं नाही. वारा उतरला, शेवटच्या गडगडाटाला अर्धा तास होऊन गेला आणि ताज्या इन्फ्रारेड चित्रात पूर्वेला किंवा दक्षिणेला नवा थंड ठिपका नसला, की वाऱ्याच्या आडोशाकडचे कागद निम्मे गुंडाळा आणि हवा खेळू द्या.